कृष्णाकाठचा विटांचा वाडा कागदावर उतरवताना

सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने वाईपासून कराडपर्यंत गेले, तर अनेक जुन्या गावठाणांत एखादा तरी विटांचा वाडा अजून उभा दिसतो. खाली काळ्या दगडाचे घडीव जोते, त्यावर छातीइतक्या उंचीपर्यंत दगडी भिंत आणि तिथून वर पातळ भाजक्या विटांचे बांधकाम, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. या वाड्यांत कोणतीही लढाई झालेली नसते, कोणताही तह झालेला नसतो आणि तिथे राहिलेल्या माणसांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आलेली नसतात. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या भागातली माणसे धान्य कुठे साठवत होती, बाळंतीण कोणत्या खोलीत असे, पाहुणा कुठपर्यंत आत येऊ शकत असे, गवंडी भिंत कशी चढवत असे आणि सुतार लाकडाचा जोड कसा बसवत असे, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा या घरांच्या भिंतींत आणि खांबांतच आहे.

अशाच एका वाड्याचे संपूर्ण दस्तावेजीकरण करण्याचे काम मी सध्या करत आहे. गावाचे आणि घराचे नाव मी मुद्दाम देत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच. घर तीन चुलत भावांच्या कुटुंबांत वाटले जाणार आहे, मागचा एक भाग पाडला जाणार आहे, आणि त्यापूर्वी सबंध घराची मापे, चित्रे आणि माहिती नोंदवून ठेवावी असे त्यांच्यातल्याच एका काकूंच्या मनात आले. घर वाचवायचेच असा हट्ट धरण्याचा अधिकार मला नाही, कारण ते घर माझे नाही. पण जे जाणार आहे ते नोंद न होता जाऊ नये, एवढा आग्रह मी धरू शकते, आणि तो धरण्यासाठीच हे लिहीत आहे.

सरकारदरबारी या घराची आज नेमकी काय नोंद आहे, हे मी सर्वप्रथम पाहिले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाचे नाव, लांबी, रुंदी आणि ‘दगड, विटा व मातीची इमारत’ असा बांधकामाचा प्रकार एवढेच लिहिलेले असते, कारण त्या नोंदीचा हेतू घरपट्टी आकारणे हा आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि तिच्यात गावठाणांचे ड्रोनने मोजमाप होऊ लागले. मिळकतपत्रिका हातात येण्याच्या दृष्टीने ते काम मोलाचे आहे, पण ड्रोनला दिसते ते छप्पर. छपराखाली किती चौक आहेत, माजघर कुठे आहे, भिंत भाजक्या विटेची आहे की कच्च्या, हे त्याला दिसण्याचे कारणच नाही. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, मुंबईसारख्या शहरासाठी १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे, परंतु खेड्यातल्या राहत्या घराला यांपैकी कशाचाही आधार सहसा मिळत नाही. थोडक्यात, ज्या दिवशी हे घर पडेल त्या दिवशी सरकारी कागदावर फक्त एका आयताचे क्षेत्रफळ उरेल. म्हणून अशा घरांच्या बाबतीत दस्तावेजीकरण हे जतनाच्या कामाचा प्राथमिक टप्पा आहे, असे मी मानत नाही. बहुतेक घरांच्या नशिबी जतन म्हणून तेवढेच असते, आणि त्यामुळे ते इतके पुरे असले पाहिजे की उद्या एखाद्या गवंड्याला त्यावरून तीच भिंत पुन्हा उभारता यावी.

मापे घेण्याआधी आम्ही घरात नुसते फिरलो. काकूंनी प्रत्येक खोलीला घरात जे म्हणतात तेच नाव सांगितले आणि मी हाताने काढलेल्या कच्च्या नकाशावर तीच नावे लिहिली: देवडी, सदर, सोपा, माजघर, देवघर, दुधाची खोली, बाळंतिणीची खोली, कोठार, न्हाणी, परसू. वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकातली खोल्यांची नावे इथे घातली असती, तर घर कसे वापरले जात होते याचा अर्धा पुरावा तिथेच पुसला गेला असता. दुधाची खोली आज अडगळीची आहे, पण तिला उत्तरेकडे एकच लहान झरोका का आहे आणि तिची जमीन सोप्यापेक्षा खाली का आहे, हे त्या नावामुळेच उलगडते.

मोजण्याच्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर जसे आहे तसे मोजणे, जसे असायला हवे होते तसे नव्हे. जुन्या वाड्याची एकही खोली काटकोनात नसते. चारी बाजू मोजून आयत काढला की चित्र नीटनेटके दिसते आणि सपशेल खोटे ठरते. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजावे लागतात, आणि मोठ्या चौकात एका कोपऱ्यातून बाकीच्या सर्व कोपऱ्यांची अंतरे घ्यावी लागतात. भिंतीतल्या खिडक्या, कोनाडे आणि दारे यांची अंतरे सुटी सुटी न घेता टेप एका टोकाला लावून ती पुढे पुढे वाचत जायची, म्हणजे प्रत्येक मापातली बारीक चूक साठत जात नाही. उंचीसाठी सबंध घराला एक समपातळीची रेषा लागते. ती पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने खोलीखोलीतून फिरवत नेली आणि खडूने भिंतींवर आखली, कारण जमिनीवरून उंची मोजली तर जमीनच प्रत्येक खोलीत वेगळ्या पातळीवर असते. लेझरचे मापयंत्र जवळ होतेच, पण भिंत किती कलली आहे हे ओळंब्याइतके स्पष्टपणे दुसरे काहीही सांगत नाही. मागच्या भिंतीजवळ ओळंबा सोडला तेव्हा ती वरच्या टोकाला चार बोटे बाहेर झुकलेली निघाली. आमच्याबरोबर असलेले वयस्कर मिस्त्री शांतपणे म्हणाले, “ताई, ही भिंत आज न्हाई वाकली. कोयनेच्या येळंची हाय ती.”

हे वाक्य मी जसेच्या तसे टिपून घेतले आणि मग घरातल्या सर्वांत वृद्ध आजींना त्याबद्दल विचारले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्या याच घरात होत्या, आणि माजघराच्या कोपऱ्यातली तिरकी भेग तेव्हाचीच आहे असे त्यांनी हाताने दाखवून सांगितले. त्या भेगेत नंतर भरलेला चुना जागेवर आहे आणि तो पुन्हा तडकलेला नाही, यावरून ती भेग गेली अनेक वर्षे स्थिर आहे असे म्हणता येते. शेजारच्या खोलीतली दुसरी भेग मात्र ताजी आहे. तिच्या कडा धारदार आहेत, आत धूळ किंवा कोळिष्टक नाही. दोन्ही भेगा छायाचित्रात जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक लिहून ठेवला नाही, तर पुढचा माणूस स्थिर भेगेवर खर्च करील आणि हलत्या भेगेकडे दुर्लक्ष करील.

घराचा सांगाडा लाकडाचा आहे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर आडव्या तुळया, तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांची जमीन) आणि त्यावर मातीचा थर, असा भार उतरत येतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती खणांचे हे सांगितले की जुन्या माणसाला त्याचा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून नकाशावर मी खांबांना क्रमांक दिले आणि मीटरच्या मापांबरोबरच खणही मोजले. सुतारांनी हे घर गजाच्या मापाने केलेले आहे. चोवीस तसूंचा एक गज, या हिशेबाने पाहिले की मिलिमीटरमध्ये विचित्र वाटणारे आकडे एकदम सुसंगत होऊ लागतात आणि कोणता खांब मूळचा, कोणता नंतर घातलेला, हेही कळते. नंतर घातलेल्या दोन खांबांचे अंतर तसूंत बसत नाही, ते फुटांत बसते.

भार लाकडावर असला तरी विटांच्या भिंती गौण ठरत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतली बहुसंख्य जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड धाबी यांच्याखाली सापडून. त्या भागात अनेक घरांत भिंती ढासळल्या तरी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला होता. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसवली गेली आणि जुन्या गावठाणांतले वाडे मागेच राहिले. त्यांची आधीच नीट नोंद झालेली असती, तर कोणता जोड टिकला आणि कोणत्या प्रकारची भिंत आधी सुटली, याबद्दल आज कितीतरी अधिक नेमके बोलता आले असते.

या घरातली वीट हा माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग आहे, आणि दस्तावेजीकरणात नेमकी तिचीच सर्वांत कमी दखल घेतली जाते. नक्षीदार खांब, महिरपी, गणेशपट्टी यांची छायाचित्रे सगळे काढतात; विटेचे माप कोणी घेत नाही. या एका घरात तीन प्रकारच्या विटा आहेत. दर्शनी भिंतीत आणि चौकाभोवती पातळ भाजकी वीट आहे, तिची जाडी जेमतेम दीड ते दोन इंच. मागच्या पडवीत नऊ इंची, जाड, सारख्या आकाराची वीट आहे, जी इंग्रजी अमलात रूढ झालेल्या मापाची आहे. आणि आतल्या अंगाला, जिथे पाऊस लागत नाही तिथे, उन्हात वाळवलेले मातीचे भेंडे आहेत. जाड भिंतीची बाहेरची बाजू भाजक्या विटेची, आतली भेंड्यांची आणि मध्ये माती व विटांचे तुकडे यांची भर, ही काटकसरीची आणि शहाणपणाची पद्धत या प्रदेशात पुष्कळ ठिकाणी दिसते. जळण महाग होते, म्हणून भाजलेली वीट जिथे गरज आहे तिथेच वापरली. शिवाय भेंड्यांची जाड भिंत उन्हाळ्यात माजघर गार ठेवते.

एका विटेचे माप घेऊन भागत नाही, कारण हाताने पाडलेल्या विटा एकसारख्या नसतात. आम्ही प्रत्येक भिंतीत निरनिराळ्या जागी विटांची लांबी, रुंदी, जाडी मोजली आणि त्याशिवाय एक मीटर उंचीत किती थर बसतात तेही मोजले. थरांची ही मोजणी फार उपयोगी पडते, कारण तिच्यात विटेची जाडी आणि सांध्याची जाडी दोन्ही येतात, आणि भिंत मध्येच कधी दुरुस्त झाली असेल तर थरांची लय तिथे बदललेली आढळते. चौकाच्या पश्चिमेला ती एका उभ्या रेषेपाशी बदलते. तिथे पूर्वी दार होते हे नंतर आजींच्या बोलण्यातूनही कळले. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ते आधीच बुजवलेले होते, पण त्यांच्या सासूबाई त्याला ‘गोठ्याचे दार’ म्हणत असत.

सांध्यांतला मसाला हा स्वतंत्र विषय आहे. बाहेरच्या भिंतीच्या सांध्यांत चुना आहे, आत माती. सुट्या झालेल्या मसाल्याचा लहानसा तुकडा घेऊन त्यावर सौम्य आम्ल टाकले की चुना असल्यास बुडबुडे येतात. मातीत कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, असले तरीही ते येतात, म्हणून हा तुकडा भिंगाखाली पाहून आणि विरघळल्यानंतर खाली उरलेली वाळू तपासून मगच निष्कर्ष लिहावा. पूर्वी चुना घाण्यावर मळत असत. दगडी गोल चरात जड चाक बैलांकडून फिरवून चुना आणि वाळू एकजीव केली जाई, आणि त्यात गूळ, हिरडा अशा पदार्थांचे पाणी घालण्याचीही पद्धत होती. या गावाबाहेर ओढ्याच्या काठी असा एक चर आणि चाक आज गवतात पडलेले आहे. ते घराच्या हद्दीत नसले तरी मी त्याचेही माप आणि स्थान नोंदवले, कारण भिंत समजून घ्यायची तर तिचा चुना कुठे मळला गेला हे त्या भिंतीच्याच कहाणीचा भाग आहे.

आणि मग सिमेंट. गेल्या काही दशकांत जोत्याच्या वरचा पट्टा सिमेंटने गिलावा करून घेतलेला आहे आणि दर्शनी विटांचे सांधे सिमेंटने भरलेले आहेत. करणाऱ्यांचा हेतू घर टिकावे हाच होता. परंतु जुनी भाजकी वीट सच्छिद्र असते, जमिनीतली ओल तिच्यातून वर चढते, आणि चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असल्याने ती ओल प्रामुख्याने सांध्यातून बाहेर पडते. सांधा सिमेंटने बंद झाला की ओल विटेच्या तोंडातून बाहेर पडू लागते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठतात, फुगतात आणि विटेचे तोंडच पापुद्र्यांनी सुटून येते. लोणा लागला असे आपण म्हणतो ते हेच. या घरात लोणा नेमका कुठे आहे हे मी दर्शनी भिंतीच्या चित्रावर विटेगणिक रंगाने दाखवले, तेव्हा सिमेंटच्या पट्ट्याची वरची कड आणि लोण्याची खालची कड जवळजवळ एकाच रेषेत आली. घरातल्या तरुण मुलाने ते चित्र पाहिले आणि लगेच विचारले की मग सिमेंट काढायचे का. शब्दांत पुष्कळदा सांगूनही जे पटत नाही ते मापाने काढलेले चित्र पटवून देते, याचा मला पूर्वीही अनुभव आलेला आहे. सिमेंट काढतानाही घाईने छिन्नी चालवली तर विटांची तोंडे त्याबरोबर निघतात. जे सैल झाले आहे तेवढेच आधी काढावे आणि सांधे चुन्यानेच भरावेत, असा सल्ला मी अहवालात लिहिला आहे.

नंतरच्या बदलांची नोंद करावी की नाही, याबद्दल आमच्या क्षेत्रातही मतभेद आढळतात. काहींना मूळ वाड्याचे ‘शुद्ध’ चित्र हवे असते आणि त्यासाठी ते पत्र्याची पडवी, मीटरची पेटी, माजघरात घातलेली प्लायवूडची भिंत आणि मागचे संडास चित्रातून वगळतात. मला ही पद्धत मान्य नाही. वाटण्या झाल्या, स्वयंपाकघरे वेगळी झाली, वीज आली, पाण्याचा नळ आला, हे सर्व या घराच्या आयुष्यात घडले आहे आणि त्याच्या खुणा हा पुरावा आहे. मूळ स्थिती कशी असावी याचे चित्र वेगळे काढता येते, त्यावर ‘अनुमान’ असे स्पष्ट लिहिता येते, आणि कोणत्या पुराव्यावरून ते काढले हेही लिहिता येते. पण आजच्या स्थितीच्या चित्रात अनुमानाची एक रेघही असू नये.

उलट अशा बदलांमधूनच काळाचा अंदाज बांधता येतो. आज छपरावर यंत्रावर केलेले मंगळुरी कौल आहेत. मंगळुरात बासेल मिशनने असा कारखाना १८६५ साली सुरू केला, त्यामुळे त्याआधी या छपरावर असे कौल असणे शक्य नाही. आणि वाशांवर आज रिपा, म्हणजे कौले ठेवायच्या आडव्या पट्ट्या, मारलेल्या आहेत त्यांच्या जोडीला जुन्या, जवळजवळ असलेल्या रिपांच्या खिळ्यांची भोके दिसतात, यावरून आधी हाताने थापलेले नळीचे कौल होते असे मला वाटते. खिळ्यांचेही तसेच. लोहाराने ठोकून केलेला चौकोनी खिळा आणि कारखान्यातला गोल तारेचा खिळा हे दोन्ही या घरात आहेत, आणि गोल खिळे जिथे जिथे आहेत त्या जागा नकाशावर दाखवल्या की एका मोठ्या दुरुस्तीची व्याप्ती आपोआप पुढे येते. एखाद्या घराचे वय सांगण्याची घाई मात्र करू नये. “पेशवेकालीन” हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो; पेशवाई १८१८ मध्ये संपली, पण त्याच पद्धतीचे वाडे गावोगावी त्यानंतरही कित्येक दशके बांधले जात होते.

कुटुंबाकडे जमाखर्चाच्या काही मोडी वह्या आहेत. त्या आधी पानन् पान छायाचित्रित केल्या आणि मग मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडे वाचायला दिल्या. वाचन अजून चालू आहे. चुना, लाकूड आणि मजुरी यांच्या नोंदी हाती लागल्या आहेत, मात्र त्या याच घराच्या की शेतातल्या विहिरीच्या, हे पडताळल्याशिवाय मी त्या घराच्या इतिहासात घालणार नाही. मोडीतले असे कागद असंख्य घरांत पोत्यांत बांधलेले आहेत आणि ते वाचणारे कमी होत चालले आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, वाचन नंतरही होऊ शकते.

कागदांपेक्षाही मला अधिक मिळाले ते घरातल्या बायकांकडून. बांधणारे पुरुष होते, पण घर दर आठवड्याला सारवणाऱ्या, दर वर्षी पोतारणाऱ्या आणि पाऊस कुठून आत येतो हे जाणणाऱ्या बायकाच होत्या. जाड भिंतीतच केलेले बळद मी प्रथम बुजवलेली खोली समजून चालले असते, पण आजींनी सांगितले की धान्य माडीवरच्या झडपेतून ओतत असत आणि खाली माजघरातल्या लहान तोंडातून हवे तेवढे काढत असत, त्यामुळे जुने धान्य आधी निघे. त्यांनी सांगितले म्हणून माडीवरची झडप शोधली, आणि ती कडीपाटात, मातीच्या थराखाली मिळाली. अशी माहिती ध्वनिमुद्रित करून ठेवली पाहिजे आणि ती कोणत्या खोलीविषयी, कोणत्या भिंतीविषयी आहे ते नकाशावरच्या क्रमांकाशी जोडले पाहिजे, नाहीतर एकीकडे गप्पांची मुद्रणे आणि दुसरीकडे मुकी चित्रे असे दोन वेगळे ढीग होतात.

साधनांबद्दल थोडे. एकमेकांवर साठ ते ऐंशी टक्के येतील अशी छायाचित्रे काढून संगणकावर भिंतीची अचूक प्रतिमा तयार करता येते, आणि विटांच्या भिंतीसाठी ही पद्धत फार चांगली आहे, कारण हजारो विटा हाताने काढणे व्यवहार्य नाही. पण त्या प्रतिमेला खरे माप मिळण्यासाठी भिंतीवर आपण मोजलेले निश्चित बिंदू लागतातच. शिवाय यंत्र सगळे सारख्याच निष्ठेने टिपते. कोणती वीट भार घेते आहे आणि कोणती नुसती भर आहे, हे त्याला ठरवता येत नाही. ते हाताने चित्र काढणाऱ्याला ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी त्याला भिंतीपाशी बराच वेळ उभे राहावे लागते. म्हणून दरवाजाच्या चौकटी, खांबाचा जोड आणि भिंतीचा छेद मी हातानेच, मोठ्या स्केलने काढले.

अमेरिकेत १९३३ साली, मंदीमुळे काम नसलेल्या वास्तुविशारदांना हाताशी घेऊन, देशभरातल्या जुन्या इमारतींच्या मोजणीचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यात नामांकित वास्तूंबरोबर साधी शेतघरे आणि धान्याची कोठारेही मोजली गेली. ती चित्रे तिथल्या संसदेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयात ठेवलेली आहेत, कोणालाही पाहता येतात, आणि त्यांतल्या अनेक इमारती आज अस्तित्वात नाहीत. वास्तूंच्या जतनाविषयीच्या व्हेनिसच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय सनदेतही, जतनाच्या प्रत्येक कामाची चित्रे आणि छायाचित्रांसह नेमकी नोंद करावी आणि ती सार्वजनिक संस्थेच्या संग्रहात अभ्यासकांसाठी उपलब्ध असावी, असे म्हटलेले आहे. आपल्याकडे वास्तुकलेच्या महाविद्यालयांतून विद्यार्थी दरवर्षी वाड्यांची मोजणी करतात आणि चांगली करतात, परंतु ती चित्रे गुण मिळाल्यानंतर कपाटात जातात आणि ज्या कुटुंबाचे घर मोजले त्या कुटुंबाच्या हाती बऱ्याचदा काहीच येत नाही. निदान एक प्रत त्या घरात आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयात गेली पाहिजे, हा नियम महाविद्यालयांना सहज करता येईल.

या घराच्या बाबतीत आम्ही तसेच ठरवले आहे. टिकाऊ कागदावर छापलेला एकेक संच तिन्ही कुटुंबांकडे राहील, एक संच जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयाला दिला जाईल, आणि मूळ फाइली किमान दोन वेगळ्या जागी ठेवल्या जातील. इंटरनेटवर मात्र सर्व काही टाकायचे नाही. कोरीव खांब, चौकटी आणि दरवाजे विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरत असतात, आणि कुठे काय आहे याची पत्त्यासकट यादी त्यांच्या हाती देणे हे घराच्या मुळावर येऊ शकते. गावाचे नाव मी सुरुवातीपासून गाळले ते याच कारणासाठी. अशी मोजणी करणाऱ्या इतरांनाही माझी हीच विनंती आहे की छायाचित्रांमध्ये आपोआप साठणारी स्थानाची माहिती काढून टाकल्याशिवाय ती कुठेही प्रसिद्ध करू नयेत.

पाडला जाणारा मागचा भाग आता पूर्ण नोंदवून झाला आहे. तो यंत्राने न पाडता वरून खाली, थराथराने उतरवावा असे कुटुंबाने मान्य केले, कारण त्यातल्या पातळ विटा दर्शनी भिंतीच्या दुरुस्तीला लागणार आहेत. तशा मापाची वीट आज भट्टीवर सहजासहजी मिळत नाही. उतरवताना भिंतीचा गाभा प्रथमच उघडा पडेल, आणि भाजकी वीट व भेंडे एकमेकांत कसे गुंतवले आहेत, मध्ये लाकडी पट्टे आहेत की नाहीत, हे मी छेदाच्या चित्रात आज तुटक रेषेने दाखवले आहे ते तेव्हा पडताळून पक्के करता येईल. मिस्त्रींनी त्यासाठी प्रत्येक थरापाशी काम थांबवण्याची तयारी दाखवली आहे. ओलीची रेषा उन्हाळ्यात मोजून झाली आहे. पाऊस संपल्यावर, भिंती भरपूर ओल धरून असताना, तीच रेषा त्याच जागी पुन्हा मोजायची आहे, आणि त्यानंतर दर्शनी भिंतीच्या सांध्यांत चुना भरण्याचे काम हाती घेतले जाईल.